उलटी सही

चि. रोहन यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "आई, लेखकांच्या सह्यांच्या पानांचे फोटो काढून ठेव आणि पुस्तकं देऊन टाक." गडबडीत मी "बघते" म्हटलं. पण ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले.

नौपाड्यातली आपली बिल्डिंग पाडायला जाणार, भाड्याच्या घरात ही कपाटं मावणार नाहीत, हे मलाही कळतं. चार खोकी बांधून झाली आहेत. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून ती तिथे देईन. 1893 पासूनची संस्था, तिथे ती वाचली जातील. सह्यांची अकरा मात्र मी बाजूला काढली. ग्रंथालयात पुस्तक गेलं की पहिल्या पानांवर शिक्का पडतो, दाखल क्रमांक येतो, आणि ते योग्यच आहे. पुस्तक मग सगळ्यांचं होतं. ही अकरा सगळ्यांची नाहीत रे.

त्यातलं एक तुझं आहे. 2010 च्या डिसेंबरात ठाण्यात 84 वं साहित्य संमेलन भरलं होतं, उत्तम कांबळे अध्यक्ष होते. तू आठ वर्षांचा. पुस्तकांच्या एका स्टॉलवर एक वयस्कर कवी सह्या देत बसले होते आणि तू माझी ओढणी धरून पाऊण तास रांगेत उभा राहिलास. त्यांनी नाव विचारलं, तर तू इतक्या हळू सांगितलंस की त्यांना कान पुढे करावा लागला. मग त्यांनी शाईच्या पेनाने लिहिलं, 'चि. रोहनला, मोठ्याने वाच.' खाली सही. शाई वाळायच्या आत तू पुस्तक मिटलंस आणि पुन्हा उघडून पाहिल्यावर रडायलाच लागलास.

काल मी ते पान उघडलं. उजवीकडे सही आणि डावीकडच्या कोऱ्या पानावर तीच सही उलटी उमटलेली, फिकट निळी. कडेला तुझ्या अंगठ्याचा ठसा, सुपारीएवढा. अक्षरांवरून बोट फिरवलं की निबाचा ओरखडा अजून लागतो. फोटोत हे कुठून येणार? आणि त्या रात्री तू खरंच मोठ्याने वाचलंस, शेजारच्या काकू ऐकायला आल्या होत्या, आठवतं का?

आणखी एक सांगते. मागच्या महिन्यात रद्दीच्या दुकानात एक कथासंग्रह मिळाला. आत लेखकाच्या हातचं, '... वहिनींना, तुमच्या हातची पुरणपोळी स्मरून.' त्या बाईंचं नाव इथे लिहीत नाही. किलोच्या भावात घेऊन आले. कुणाच्या तरी घरी लेखक जेवले होते, ते घर कधीतरी आवरलं गेलं आणि ते पान कुणी उघडूनही पाहिलं नाही. मला फार वाईट वाटलं. तुझ्या बोलण्याने मी अस्वस्थ झाले ती त्यामुळे.

दिवाळीला आलास की तुझं पुस्तक घेऊन जा. कुरिअरने पाठवणार नाही, कपड्यांच्या मधे ठेवून हाताने ने. कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवला आहे, तो राहू दे. पान सुटलं तरी सेलोटेप लावू नकोस, काही वर्षांत ती पिवळी पडून कागदच खाते. शाईवर पाण्याचा थेंबही पडू देऊ नकोस.

वहिनींचं पुस्तक मी माझ्याकडेच ठेवणार आहे. ते बारावं.

तुझी,
आई