डिसेंबरातल्या शिकारीबद्दल बंड्याला

ला क्रॉस, विस्कॉन्सिन
१० डिसेंबर

प्रिय बंड्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा हसू आलं, कारण ‘आता बास, शिकारीचं ते धनुष्य, क्रॉसबो, विकून टाकतो’ हे तू शाळेत मॅच हरल्यावर बॅट विकायला काढायचास त्याच सुरात म्हणालास. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा कळलं, गडी खरंच वैतागलाय. म्हणून निवांत लिहायला बसलोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तुझी तक्रार थोडक्यात अशी : सप्टेंबरपासून झाडावर बसून कंबर गेली, रानात लावलेल्या कॅमेऱ्यातला तो शिंगांना दहा टोकं असलेला बक, म्हणजे नर, रात्री दोनलाच तोंड दाखवतो, बंदुकीच्या हंगामाच्या नऊ दिवसांत रानात हरणांपेक्षा शिकाऱ्यांची नारंगी जाकिटं जास्त, आणि आता थंडी अशी की मिशा गोठतात. वर ऑफिसातला तो शेजारी रोज डब्यातून हरणाचं मांस आणून दाखवून खातो. सगळं मान्य. मी तुला ‘प्रयत्नांती परमेश्वर’ वगैरे ऐकवणार नाही, ते काकू ऐकवतातच. माझं म्हणणं उलट आहे : तू जायचं कमी कर. सुट्टी आहे म्हणून, लायसन्सचे पैसे भरलेत म्हणून, बायकोला ‘जातो’ म्हणून सांगितलंय म्हणून जाऊ नकोस. अशा जाण्यानंच माणसाचा उत्साह संपतो. जायचं तर त्या दिवशी का आणि नेमकं कुठं, याचं उत्तर आधी हातात पाहिजे.

मुळात नोव्हेंबरचं हरीण आणि डिसेंबरचं हरीण एक नाही. माजाच्या दिवसांत बक खाणंपिणं विसरून माद्यांमागं धावतो, त्यात त्याचं वजन पाव हिश्शापर्यंत उतरतं. तेव्हा तो दुपारी बारालाही समोर येऊ शकतो, म्हणून तेव्हा दिवसभर बसण्यात अर्थ असतो. मग नऊ दिवसांचा धुमाकूळ. या राज्यात पाच लाखांहून जास्त माणसं बंदुकीचं लायसन्स काढतात, त्यातली निम्मी जरी पहिल्या शनिवारी रानात उतरली तरी काय होत असेल ते बघ. त्यातून वाचलेलं हरीण माणसाचा वास आला की उजेडात पाय बाहेर टाकत नाही. आता त्याच्यापुढं दोनच प्रश्न आहेत : पोट भरायचं आणि ऊब राखायची. हालचाल कमी, खाणंही उन्हाळ्यापेक्षा कमी, अंगावरची चरबी पुरवून पुरवून वापरायची. एवढं लहान झालेलं आयुष्य शोधायचं तर आपलाही शोध लहान व्हायला पाहिजे. ऑक्टोबरमधले तुझे तीन स्टँड, झाडावरच्या त्या बसायच्या जागा, आता विसर. तिथं ओकची फळं पडायची म्हणून हरणं यायची. ती फळं संपली.

आमच्या व्हर्नन काउंटीत मला हे सोपं जातं, कारण इथं डोंगरघळी आहेत आणि शेतंही आहेत. हिमयुगातल्या बर्फानं हा भाग सपाट केलाच नाही, म्हणून प्रत्येक डोंगराला एक उन्हाची बाजू आणि एक सावलीची. जानेवारीपर्यंत हरणं दक्षिणेकडच्या उतारावर, वाऱ्याला पाठ देऊन उन्हात बसतात आणि संध्याकाळी खाली मक्याच्या खुंटात सांडलेले दाणे वेचायला उतरतात. कुठं सोयाबीन काढायचं राहिलं असेल तर मग विचारूच नकोस. तुझ्या वॉसा शहराच्या उत्तरेला हे नाही, तिकडं जंगलच जंगल. पण तुझ्याकडं एक गोष्ट आहे जी माझ्याकडं नाही : लाकूडतोड. हिवाळ्यात जमीन गोठली की ठेकेदार यंत्रं आत नेतात, आणि अ‍ॅस्पेन-मेपल पाडले की त्यांचे शेंडे हरणाच्या तोंडाशी येतात. एरवी तीस-चाळीस फुटांवर असलेला कोवळ्या डहाळ्या-कळ्यांचा चारा एका दिवसात जमिनीवर. तिकडची जुनी माणसं सांगतात की करवतीचा आवाज ऐकून हरणं पळत नाहीत, रात्री येऊन जातात. तेव्हा काउंटीच्या जंगल खात्याच्या नकाशावर यंदा कुठं तोड चालू आहे ते बघ आणि तिथून सुरुवात कर. अर्थात काम चालू असलेल्या जागेपासून लांब राहा, आणि यंत्रं गेल्यावरच जा.

आता एक काम सांगतो, तेही बिनहत्यारी. पुढचा बर्फ पडून गेल्यावर एका दुपारी नुसता फिरून ये. क्रॉसबो घरीच ठेव. तोडीच्या कडेनं चाल आणि लाल काड्यांची ती डॉगवूडची झुडपं बघ. काडीचं टोक चाकूनं तिरकं कापल्यासारखं स्वच्छ असेल तर तो ससा. टोक फाटलेलं, सालीची दशी लोंबत असलेलं दिसलं तर हरीण, कारण त्याला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात, ते काडी धरून ओढून तोडतं. फाटलेला भाग आतून ओलसर हिरवा असेल तर कालपरवाचा. मग तिथून निघालेल्या वाटेवर उलटं चालत जा, पण दाट झाडी लागली की थांब, आत शिरू नकोस. जिथं बसतात तिथून त्यांना एकदा उठवलंस की आठवडा गेला. कडेलाच बसलेल्या जागा दिसतील : बर्फात लांबटगोल खड्डा, तळाला थोडं वितळून परत गोठलेलं काचेसारखं बर्फ, त्यात चारदोन केस अडकलेले. एक केस उचलून बघ. जाड, ठिसूळ, वाकवला की मोडतो, आतून पोकळ. त्या पोकळीतल्या हवेमुळंच बसलेल्या हरणाच्या पाठीवर पडलेला बर्फ वितळत नाही, अंगातली ऊब बाहेरच येत नाही. मोठ्या खड्ड्याशेजारी दोन लहान खड्डे म्हणजे मादी आणि तिची या वर्षीची पिल्लं.

ही दुपार मला अख्ख्या हंगामातली सगळ्यात आवडती वाटते. शिकारीचा ताण नाही आणि प्रत्येक पावलाला काहीतरी वाचायला मिळतं. तुझा उत्साह परत येईल तर तो या फिरण्यातून, झाडावर कुडकुडत बसून नव्हे.

त्यानंतर बसायचं फक्त संध्याकाळी. पहाटेचं विसर. पहाटे हरणं अजून चाऱ्यावरच असतात, आणि आपण अंधारात कुरकुर बर्फ तुडवत थेट त्यांच्यात जातो. दुपारी दोन-अडीचला जाऊन बसायचं, वारा तोंडावर पाहिजे, आणि उतार असेल तर लक्षात ठेव, ऊन गेलं की गार हवा पाण्यासारखी खाली वाहते, वास घेऊन. म्हणून चाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलास तर पाचाच्या आत सगळ्या रानाला तू आल्याचं कळतं. वारा चुकीचा असेल तर गाडी वळव आणि घरी जाऊन चहा पी. दिवस कुठला निवडायचा? मोठं वादळ यायच्या आदल्या संध्याकाळी, किंवा ते निघून गेल्यावर आभाळ स्वच्छ होऊन पारा एकदम पडतो त्या दिवशी. तेव्हा हरणांना अंधाराची वाट बघणं परवडत नाही. असे दिवस महिन्यात मोजकेच येतात. तेवढेच राखून ठेव, बाकीच्या शनिवारी पोरीला स्केटिंगला ने.

आणि तो दहा टोकांचा बक. लगा, त्याला सोड. मला माहीत आहे, ऑगस्टपासून त्याचा फोटो तुझ्या फोनच्या स्क्रीनवर आहे, वहिनी म्हणाल्या. आपल्या कोल्हापुरात संस्थानाच्या काळात पाळीव चित्ते सोडून काळवीट मारायचे, आठवतं ना, माझे आजोबा चित्तेवानांच्या गोष्टी सांगायचे. चित्ता सुटला की काहीशे यार्ड जीव तोडून पळतो. साधलं तर साधलं, नाहीतर तिथंच बसकण मारतो, मग चित्तेवानानं जाऊन डोळ्यांवर टोपी चढवून परत आणायचा. तुझं तसं झालंय. एकाच बकवर जीव लावलास, तो हुकला आणि आता बसलास फतकल मारून. बरं, तो बक अजून जिवंत आहे की नाही हेही ठाऊक नाही. असला तरी थोड्याच दिवसांत त्याची शिंगं गळून पडतील, डिसेंबरअखेरपासून मार्चपर्यंत कधीही. मग तुला तो मादीच वाटायचा!

आपण मूळ कशासाठी शिकलो होतो हे? मला तरी फ्रीझरमधल्या मांसासाठी. आपण दोघं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर जन्मलेले, गावाकडं शिकार म्हणजे तुरुंग हेच माहीत, आणि तिथं ते योग्यच आहे. इथं आल्यावर पहिल्यांदा कळलं की या एका राज्यात पंधरा लाखांच्या वर हरणं आहेत, लांडगे आहेत ते उत्तरेला थोडे, आणि माद्या मारल्या नाहीत तर जंगलात नवीन ओक, सीडर उगवतच नाही. राज्य स्वतःच मादी मारायचा वेगळा परवाना, टॅग, देतं. म्हणून डिसेंबरात मी मादीच बघतो. तिचं मांस कोवळं असतं आणि माजून झिजलेल्या बकपेक्षा तिच्या अंगावर चरबीही बरी असते. अर्थात सोबत पिल्लं असतील तर मनात काहीतरी हलतं. मे-जूनमध्ये जन्मलेली पिल्लं डिसेंबरपर्यंत दूध सुटून स्वतः चरायला लागलेली असतात, हे मला ठाऊक आहे, तरीही हलतं. ते हलू दे. एखाद्या संध्याकाळी नुसतं बघून परत आलास तर त्यात काही कमी नाही.

शिवाय एक आशा राहतेच. नोव्हेंबरात ज्या माद्या गाभण राहिल्या नाहीत त्या साधारण २८ दिवसांनी परत माजावर येतात, आणि चांगलं खाऊन वाढलेली या वर्षीची मादी पिल्लंही याच सुमारास. माद्यांचा कळप चाऱ्यावर धरून बसलास तर मागून बक येण्याची शक्यता तिथंच जास्त.

कपड्यांबद्दल एकच सांगतो, कारण मागच्या वेळी तू गाडीतूनच सगळं अंगावर चढवून निघाला होतास. जाड कोट पिशवीत बांधून ने, चालताना अंगात फक्त लोकर, तीही सावकाश चालून घाम न येऊ देता. घाम आला की तासाभरात तोच बर्फ होतो. बुटात दोन जोड मोजे कोंबू नकोस, रक्तच खेळत नाही, पाय जास्त गार पडतात. पायांखाली फोमचा तुकडा टाक. शिडीच्या पायऱ्यांवर बर्फ चढलेला असतो, जमिनीवरूनच पट्टा अडकवून चढ आणि उतरून पाय जमिनीला लागेपर्यंत काढू नकोस. झाडावरून पडून मोडलेली माणसं इथल्या हॉस्पिटलात दर वर्षी येतात. त्यापेक्षा या दिवसांत जमिनीवरच झाडाच्या बुंध्याआड बसलास तरी चालेल. थर्मासात चहा आणि खिशात डिंकाचा लाडू. वास येतो म्हणून लोक नाही म्हणतात. अरे, तीन महिने तुझ्या अंगाचा वास घेऊन झालाय हरणांना, डिंकाच्या लाडवानं काय होणार!

मिळालं तर एक करायचंच : डोकं तपासणीच्या पेटीत टाकायचं. २००२ मध्ये या राज्यात सीडब्ल्यूडी, हरणांच्या मेंदूचा तो जीवघेणा रोग, पहिल्यांदा सापडला तेव्हापासून आमचा हा नैर्ऋत्य भाग त्यात सगळ्यात पुढं आहे, आणि तो आता तुमच्याकडंही सरकतोय. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगी निघालेलं हरीण खाऊ नका असंच आरोग्य खातं सांगतं. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस नाव-तारीख टाकून फ्रीझरमध्ये वेगळं ठेव. तोवर कितीही जीव तळमळला तरी सुकं करायचं नाही. शेजाऱ्याला डबा दाखवायची घाई नको.

आता माझा बेत ऐक. २६ तारखेपासून मला सुट्टी आहे. नाताळात काही काउंट्यांत मादीसाठी वेगळा हंगाम असतो, तेव्हा धनुष्यवाल्यांनाही नारंगी घालावं लागतं. तुझ्या काउंटीचं काय आहे ते राज्याच्या साइटवर आजच बघून मला कळव, नियम दर वर्षी थोडे बदलतात. तोवर तू तोडीच्या जागा फिरून वाऱ्याच्या दोन्ही दिशांना चालतील अशा दोन जागा हेरून ठेव. मी कोल्हापूरहून आलेला कांदा-लसूण मसाला आणि सुकं खोबरं घेऊन येतो, वहिनींना सांग भाकरीचं पीठ बघून ठेवा. हवा जुळली तर बसू, नाही जुळली तर पत्ते आहेतच. आणि क्रॉसबो खरंच विकणार असशील तर आधी मला विचार, माझ्या क्रॉसबोची दोरी झिजलीय.

काकूंना नमस्कार सांग. सीडब्ल्यूडीचं त्यांच्यासमोर बोलू नकोस.

तुझाच,
दिन्या