लस चुकते ती भीतीमुळेच असं नाही

संपादक साहेब, नमस्कार.

लहान मुलांच्या लसीचा विषय निघाला की सगळे एकच बोलतात, आईबापच अडाणी, व्हॉट्सॲपवर काहीबाही वाचतात नि घाबरतात. घाबरणारे आहेतच, एमएमआर म्हणजे गोवर, गालगुंड, रुबेलाच्या लसीचा ऑटिझमशी संबंध जोडणारा तो १९९८ चा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला तरी त्याचं भूत अजून फिरतंच आहे. पण सगळं खापर भीतीवर फोडलं की बाकीचं झाकलं जातं म्हणून हे लिहितेय.

घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या लसीचा पहिला डोस २०२३ मध्ये जगात ८९ टक्के बाळांना मिळाला आणि तिसरा ८४ टक्क्यांना. मधली ही पाच टक्के बाळं एकदा येऊन गेली होती की! त्यांच्या घरच्यांचा लसीला विरोध असता तर पहिल्यांदा तरी कशाला आले असते? मग कुणाची रोजची मजुरी बुडते, कुणाचं घर बदललं, कार्ड हरवलं, कुणाचं बाळ पहिल्या डोसनंतर रात्रभर तापाने रडलं आणि असा ताप येऊ शकतो, एकदोन दिवसात उतरतो हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं.

माझ्याच मुलीला नाक वाहतंय म्हणून परत पाठवलं होतं, ताप वगैरे काही नाही, साधी सर्दी. साध्या सर्दीत लस देता येते हे मला नंतर कळलं, तोवर पुढची सुट्टी मिळेपर्यंत तीन महिने गेले.

आणखी एक गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. गोवराची लस बऱ्याच ठिकाणी दहा डोसच्या बाटलीत येते, पावडर एकदा कालवली की सहा तासात वापरायची, उरली तर फेकायची. त्यामुळे दोनच मुलं आली असली तर सिस्टर बाटली फोडायला कचरते, पुढच्या वेळी या म्हणते. तिला तरी काय बोलणार, वाया गेलेल्या डोसचा हिशोब तिलाच द्यावा लागतो ना. खरं तर एका बाळासाठीसुद्धा बाटली फोडावी असंच डब्ल्यूएचओ सांगते, आणि गोवर इतका पसरतो की तो रोखायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात. असं असताना दारात आलेलं मूल परत कसं पाठवायचं?

तारीख जवळ आली की मेसेज किंवा फोन, संध्याकाळी नाहीतर सुट्टीच्या दिवशी लस, एवढं केलं तरी बरीच मुलं परत येतील. आणि उशिरा आलेल्या आईला ओरडू नका हो. डोस लांबला म्हणून पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, राहिलेले तिथून पुढे देतात, हे तिला माहीतच नसतं. मी तर सुट्टी मिळाल्यावरही बोलणी बसतील म्हणून आणखी पंधरा दिवस गेलेच नव्हते.

आपली,
एक वाचक