हातगाड्यांचा तांडा

महोदय,

अमेरिकेचा पश्चिम म्हटला की आपल्याला सिनेमातले घोडेस्वारच आठवतात. पण १८५६ साली शेकडो मॉर्मन (अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती पंथाचे) भाविक आयोवा सिटीहून त्यांच्या पंथाचे केंद्र असलेल्या सॉल्ट लेक सिटीकडे चक्क हातगाड्या ओढत निघाले. अंतर सुमारे २,१०० किलोमीटर! बैलगाड्या परवडत नव्हत्या, म्हणून ही युक्ती. माणशी सामान १७ पौंड, म्हणजे आठेक किलो. त्यातच अंथरूण आणि कपडेही. गाड्या ओल्या लाकडाच्या. कोरड्या हवेत चाके आकसायची, वाळूने आस झिजायचे. वंगण म्हणून लोक साबण नाहीतर खायचे डुकराचे मांस चोळत.

विली आणि मार्टिन या म्होरक्यांचे तांडे उशिरा, जुलैत निघाले. वायोमिंगमध्ये ऑक्टोबरातच बर्फाने गाठले. पंथाचे प्रमुख ब्रिगहॅम यंग यांनी मदत धाडली, तरी दोनशेहून अधिक माणसे दगावली. याला निव्वळ श्रद्धेची परीक्षा म्हणणे मला पटत नाही. नियोजनही चुकलेच होते. वाटेत नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सच्या मुक्कामी विलींच्या तांड्यातले लेव्ही सॅव्हेज यांनी हिवाळा इथेच काढा, असे बजावले होते. बहुतेकांनी ऐकले नाही. मग तेही तांड्याबरोबर निघाले.

– एक वाचक, सातारा