जुन्या भिंतींना सिमेंट नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खानापूर-बेळगाव भागात वडिलोपार्जित मातीची घरे न पाडता एकेक खोली दुरुस्त करून घेण्याकडे लोकांचा कल दिसतो, हे स्वागतार्हच आहे. मात्र त्या उत्साहात सोप्यापासून स्वयंपाकघरापर्यंत सरसकट सिमेंटचा गिलावा केला जातो, तो या घरांना मानवत नाही. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि हवेत सोडते; सिमेंटने ही वाट बुजली की ओल आतच मुरते, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजू लागतो आणि पुढे त्याच्या खपल्यांबरोबर भिंतीची मातीही सुटते. त्यापेक्षा चुन्याचा गिलावा आणि वर चुन्याचीच सफेदी बरी. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन सावकाश घट्ट होतो, त्यामुळे गवंड्यामागे घाईचा लकडा लावू नये. माजघराच्या रंगाची हौस जरूर भागवावी, पण आधी कौले उतरवून वासे आणि रिपा वाळवीसाठी तपासाव्यात. आमच्याकडचा पाऊस रंगाऱ्याची सवड पाहत नाही. चुनाकाम जाणणारे गवंडी आता शोधावे लागतात, तेव्हा ग्रामपंचायतींनी तरुण गवंड्यांना त्यांच्या हाताखाली शिकण्याची सोय करावी.

आपला,
एक वाचक, खानापूर