गरम शाफ्टचं माप

मा. संपादक,

लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, कातलेला माझा पहिला शाफ्ट (गोल दांडा) बाद झाला. व्यास 25 मिमी, टॉलरन्स (चालणारा फरक) उणे 0.02, म्हणजे 24.98 च्या खाली गेलं की बाद. फिनिशिंग कट संपताच मायक्रोमीटर लावला : 24.98. मी खूश! थंड झाल्यावर तोच शाफ्ट 24.97.

पोलाद तापलं की फुगतं. या व्यासाला 40 अंशांची वाढ म्हणजे जवळपास 0.01 मिमी, आणि माझं सगळं तेवढ्यावरच अडलं. मापनाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस का ठरवलंय, हे तेव्हा हाताला कळलं.

आमच्या प्रात्यक्षिकात वेळ इतका मोजका असतो की जॉब (कातलेला तुकडा) गरम असतानाच मोजावा लागतो. जॉब थंड होण्यापुरती दहा मिनिटं वाढवून द्या, एवढीच परीक्षकांना कळकळीची विनंती. तो शाफ्ट मी टूलबॉक्समध्ये जपून ठेवलाय.

– एक प्रशिक्षणार्थी टर्नर