सशाची किंकाळी भोंग्यातून काढा

महोदय,

मका, टरबूज, भुईमुगाच्या शेतात जनावरे पळवायला रात्री मेमरी कार्डावरचे भोंगे वाजवायची पद्धत खान्देशात रुळली आहे. कुत्र्याचे भुंकणे, फटाके, माणसांची हाकाटी, इथवर ठीक. पण मोबाइलवरून उतरवलेल्या आवाजांत अमेरिकी शिकाऱ्यांची ‘कोयोटी’ बोलावण्याची सशाची किंकाळीही येते. ती जनावर पळवत नाही, जवळ आणते.

कोयोटी हा आपल्या कोल्ह्याचा भाऊबंद, राहतो अमेरिकेत. तिथला शिकारी वारा तोंडावर घेऊन झुडपाला पाठ लावून बसतो. भोंगा स्वतःपासून तीस-चाळीस पावले बाजूला ठेवतो, म्हणजे जनावराची नजर त्याच्यावर नाही, भोंग्यावर राहते. सुरुवातीला आवाज बारीक, कारण कोयोटी जवळच असला तर मोठ्या आवाजाने बिचकतो. मग आवाज वाढवत न्यायचा आणि पंधरा-वीस मिनिटे हलायचे नाही. कोयोटी बहुधा वळसा घालून वारा जिकडे वाहतो त्या बाजूला जातो, वास घेतो, मगच पुढे येतो. माणसाचा वास लागला की पसार, आणि त्याच आवाजाला पुन्हा सहसा फसत नाही. पिल्ले लहान असतात त्या दिवसांत पिल्लाचे केकाटणे वाजवले की आईबाप धावत येतात.

आपला कोल्हा उंदीर, ससा, बोरे, मेलेले जनावर, सगळे खातो. आयता जखमी ससा कुठे ओरडतोय म्हणून तो येणारच, आणि ससा नाही मिळाला तरी टरबूज समोर आहेच!

खरी भीती मात्र बिबट्याची. अमेरिकेत याच किंकाळीला बॉबकॅट आणि प्यूमाही येतात. मांजरकुळातले जनावर कोयोटीसारखे धावत येत नाही. दबकत, थांबत, अर्धा-पाऊण तास घेत अगदी जवळ पोचते. म्हणून तिथले जाणते शिकारी पाठ मोकळी ठेवत नाहीत. यावल, रावेर, चोपड्याच्या सातपुड्याकडच्या पट्ट्यात केळीच्या बागेत बिबट्याला लपायला जागाच जागा. चाळीसगाव तालुक्याने २०१७ साली माणसे मारणाऱ्या बिबट्यापायी काय भोगले ते सगळ्यांना ठाऊक आहे. रात्री वीज आली की पाणी भरायला गेलेला माणूस वाकलेला असतो, अंधारात त्याची उंची जनावराएवढीच दिसते. त्याच शेतात सशाची किंकाळी कशाला?

हा आवाज लावून कोल्हा टिपायचे कोणाच्या मनात असेल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आमिष लावणे आणि तसा प्रयत्न करणे हीही शिकारच धरली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे: किमान ३ वर्षे कैद, ७ पर्यंत, आणि दंड किमान २५ हजार.

भोंगा लावायचाच तर कार्डात माणूस, कुत्रे, फटाके एवढेच ठेवा. रात्रभर सलग वाजवू नका, मधे खंड द्या, आणि दोन-तीन दिवसांनी जागा बदला. एकाच जागी तोच आवाज ऐकून जनावर निर्ढावते. मेलेल्या कोंबड्या नाल्यात फेकणे बंद करा, कोल्ह्यांची वस्तीकडची वाट तिथूनच पडते. शेळ्यांच्या वाड्याची जाळी फूटभर जमिनीत गाडा, तो खालून उकरतो. तरीही शेळी गेली तर मढे न हलवता वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवून पंचनामा करून घ्यावा.

– एक शेतकरी, चोपडा, जि. जळगाव