उत्तर बरोबर, मुलगा शाळेबाहेर

संपादक महाशय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांच्या शिक्षणावरचा लेख वाचला. काल दिवसभर गप्प बसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लेखकाचा अभ्यास दांडगा असणार, त्याशिवाय का तुम्ही सव्वा पान दिलंत! पण ‘घरात वडील नाहीत, समोर आदर्श नाही, म्हणून मुलगे वाया जातात’ हा शोध लावायला अमेरिकेपर्यंत कशाला जायला हवं? आमच्या सोसायटीच्या बाकावर रोज संध्याकाळी हे संशोधन फुकट मिळतं.

मी काही वर्षं कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळच्या एका गावात सरकारी मिडल स्कूलमध्ये वर्गातली मदतनीस होते. एकदा सहावीच्या गणिताच्या बाई रजेवर होत्या. बदलीवर आलेल्या बाईंनी फळ्यावर पाऊणला अर्ध्याने भागलं आणि उत्तर लिहिलं तीन अष्टमांश. मागच्या रांगेतला एक कृष्णवर्णीय मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, “चुकलंय. दीड पाहिजे.” बाई म्हणाल्या, वहीत बघ. तो म्हणाला, “पाऊण पिझ्झ्यात अर्धे अर्धे किती बसतात ते मोजा ना!” वर्ग हसला आणि तिथेच सगळं बिनसलं. मुलाच्या हातात चिठ्ठी, ऑफिसात रवानगी, फॉर्मवर ‘मुद्दाम केलेली अवज्ञा’ या चौकटीत खूण आणि दोन दिवस घरी. पुढच्या तासाला दुसऱ्या तुकडीत बाईंनी तेच उदाहरण तसंच चुकवलं (चिकाटी मानली पाहिजे), आणि आपल्याकडच्याच एका इंजिनीअर जोडप्याच्या मुलाने तीच चूक दाखवली. तोही बसल्या जागेवरूनच. त्याला मात्र “अरे वा, किती हुशार!”

दोन्ही तासांना मी वर्गात होते. मुख्याध्यापकांना लेखी कळवलं. ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं. शिक्षेची नोंद त्या मुलाच्या फायलीत होती तशीच राहिली. त्याला न्यायला आई आली होती, रात्रपाळी संपवून थेट. आणि हो, सोबत वडीलही होते. लेखकमहाशयांना कळवावं.

एका मुलावरून काय ठरतं, असं कुणी म्हणेल. अमेरिकेच्या शिक्षण खात्याची २०११-१२ ची पाहणी बघा. सरकारी बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, पण एकाहून अधिक वेळा सस्पेंड झालेल्यांत ४८ टक्के. बालवाडीत! चार वर्षांच्या पोराला कोणता आदर्श कमी पडला म्हणे? आणि वडिलांचाच मुद्दा असेल तर अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचा २०१८ चा अभ्यास आहे. आईवडील दोघं घरात, कमाई गोऱ्या शेजाऱ्याइतकीच, तरी कृष्णवर्णीय मुलगा मोठेपणी कमाईत मागे पडतो. मुलींच्या बाबतीत मात्र तेवढ्याच कमाईच्या गोऱ्या घरातल्या मुलीशी जवळजवळ बरोबरी. म्हणजे एकाच घरातले भाऊबहीण, वडील तेच. चेट्टी हे नाव आपल्याकडचं आहे, लेखकाला शोधायला जड गेलं नसतं.

उपाय म्हणून लेखात ओबामांची कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य मुलग्यांसाठीची २०१४ ची ‘माय ब्रदर्स कीपर’ योजना आणि ‘प्रेरणादायी व्याख्याने’ एवढंच. ओकलंडच्या शाळांनी त्याआधी चार वर्षं, २०१० मध्ये, कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेगळा विभागच काढला. व्याख्यान नाही, वेळापत्रकातला रीतसर तास आणि शिकवायला कृष्णवर्णीय पुरुष. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तपासलं तेव्हा या मुलांची गळती कमी झालेली दिसली, आणि मुलींचीही थोडी घटली, ज्यांच्यासाठी तो तास नव्हताच. नॉर्थ कॅरोलिनातला अभ्यास सांगतो, तिसरी ते पाचवीत एखादा जरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभला तर अगदी गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांचं शाळा सोडणं ३९ टक्क्यांनी घटतं. ‘अवज्ञा’ म्हणून घरी पाठवणंही ओकलंडने २०१५ मध्ये बंद करायचं ठरवलं. माझ्या गणितवाल्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता, तो तोवर शाळेच्या बाहेर पडला होता.

‘आपली मुलं स्पेलिंगच्या स्पर्धा जिंकतात, मग यांना काय होतं’ हे वाक्य तर कात्रीतून सुटायलाच नको होतं. आपली मंडळी पदवी आणि व्हिसा घेऊन, गाळून-चाळून तिकडे गेली. तुलना कुणाशी करताय?

लेखासोबत फोटो कशाचा? बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांचा. शिक्षणावरच्या लेखाला! वह्या-पुस्तकं घेतलेला एकही कृष्णवर्णीय मुलगा तुमच्या फोटो विभागाला सापडला नाही का?

फोटोवरून आठवलं, हल्ली पहिलं पान उघडलं की जाहिरात, ते उलटलं की पुन्हा जाहिरात. बिल्डरांचे बंगले ओलांडून बातमीपर्यंत पोचेतो चहा निवतो. पूर्वी एकदा हे लिहून पाठवलं होतं, छापलं नाहीत. या वेळी पत्र कापायचंच असेल तर हा परिच्छेद कापा, गणिताचा ठेवा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे